कलशेट्टी टाइमकीपर आणि अठरा शेवंत्या

रोज संध्याकाळी पाच वाजता कलशेट्टी काका अंगणात उभे राहून अठरा झाडांची हजेरी घ्यायचे.

हे मी गमतीनं म्हणत नाही. त्यांच्या हातात खरंखुरं हजेरीपत्रक असायचं, कानावर पेन्सिल असायची आणि उन्हाळा असो की हिवाळा, अंगात काळा कोट असायचा. समोर रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत लावलेली अठरा शेवंतीची झाडं ओळीनं उभी. प्रत्येक झाडाच्या गळ्यात तारेनं बांधलेला पितळी बिल्ला, त्यावर नंबर.

"नंबर पाच, हजर. नंबर सहा, हजर. नंबर सात... मान खाली का घातली? पाणी कमी पडलं व्हय? चला, आत चला."

मग एकेक डबा उचलून ते मागच्या बिनखिडकीच्या खोलीत नेऊन ठेवायचे. अठरावा डबा आत गेला की त्यांच्यावर सोलापुरी चादरी घालायच्या. छतातल्या उजेडाच्या भोकावर एक चादर, दाराच्या फटीत एक. कुलूप लावायचं आणि कोणी ऐकत असो वा नसो, खणखणीत आवाजात म्हणायचं, "गेट बंद!"

ते गेट सकाळी आठला उघडायचं. मध्ये ब्रह्मदेव आला असता तरी त्याला काकांनी उंबऱ्याबाहेर थांबवून लेट मार्क दिला असता.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले ती सत्तरीच्या दशकातल्या एका जून महिन्यात. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आईला घेऊन दोन खोल्यांत राहायला आले. अंगण सामायिक होतं. पलीकडच्या तीन खोल्यांत कलशेट्टी काका आणि त्यांची बायको भागव्वाकाकू. काका कापडगिरणीत तीस वर्षं टाइमकीपर होते, म्हणजे गेटवर बसून कोण किती वाजता आलं ते लिहिणारे. गिरणीतून निवृत्त झाले, पण गेटवरून काही उठले नाहीत. माझ्या आईनं सकाळी नळावर घागर लावली तरी ते आपल्या दारातून सांगत, "सहा वाजून अकरा. काल सहा वाजून आठ हुते." आई पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आली. दुसऱ्या आठवड्यात ती मला घड्याळ विकत घे म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात सहा वाजून आठला घागर लागायला लागली.

आम्ही राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी काका माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमी सायन्सच्या की?"

"हो. वनस्पतिशास्त्र."

"मग चला माझ्या संगट."

मागची खोली तेव्हा उजेडानं नुसती भगभगत होती. चार मोठे बल्ब, रात्रंदिवस चालू. त्यांच्याखाली शेवंतीची झाडं छातीएवढी उंच, हिरवीगार, माजलेली. पण औषधाला एक कळी नव्हती.

"वैशाखात फूल पायजे हुतं," काका म्हणाले. "पौषापासनं उजेड देतोय. दिवसा देतोय, रात्री देतोय. फूल म्हणून न्हाय. हरामखोर आहेत बाई ही झाडं. पगार घेत्यात आणि काम करत न्हाईत."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. कॉलेजात शिकलेलं आठवून मी म्हटलं, "काका, शेवंती उजेडावर फुलत नाही, अंधारावर फुलते. तिला मोठी रात्र लागते. म्हणून तर ती थंडीच्या तोंडावर फुलते. आणि रात्र सलग हवी. मध्ये जरा उजेड दिसला, तरी तिला वाटतं रात्र संपली. मग सगळं मोजणं पहिल्यापासून."

काकांनी एका झाडाचा शेंडा बोटांत धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे झाडाला टाइम कळतो?"

"कळतो."

"यप्पा! आणि मी गाढव त्येंच्याकडनं ओव्हरटाइम करून घेत बसलो."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात शेवंतीची गिरणी सुरू झाली. मी ग्रंथालयातून पुस्तक आणलं, त्यातलं वाचून दाखवलं. थंडीत रात्री आपसूकच मोठ्या असतात, तेव्हा झाडं वेळेआधी फुलू नयेत म्हणून संध्याकाळी बल्ब लावून त्यांना फसवायचं, ही झाली जादा पाळी. फाल्गुनात दिवस मोठे व्हायला लागले की बल्ब काढायचे आणि पाचला कुलूप, ही रातपाळी. काकांनी कोष्टक करून भिंतीवर लावलं. मी म्हटलं, "पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं झाली तरी झाडाला चालतं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना अफरातफर करायला सांगितली असावी.

"झाडाला चालंल. मला न्हाय चालत."

वैशाखात फूल कशाला हवं, हे मात्र ते सांगत नसत. मी दोनदा विचारलं. एकदा म्हणाले, "बाजारात भाव चांगला येतो." पण अठरा डब्यांत कसला आलाय बाजार! दुसऱ्यांदा म्हणाले, "सायन्स," आणि विषय संपवला.

भागव्वाकाकूंचा या सगळ्याशी काही संबंध नसल्यासारखा होता. काकूसुद्धा एके काळी त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या. उंच, सावळ्या, बोलायला थोड्या तुटक. त्यांचा अंबाडा कायम नीट बांधलेला आणि कायम रिकामा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझ्या आईनं मोगऱ्याचा गजरा पुढे केला, तर म्हणाल्या, "मला न्हाय लागत. तुमीच घाला." नवऱ्याच्या शेवंत्यांबद्दल विचारलं की म्हणत, "घरात दोन माणसं आणि अठरा कामगार. आमचं हे मालक झाले."

त्या दोघांत भांडण एकच होतं, लोणच्याचं. लोणच्याची बरणी त्याच मागच्या खोलीत फळीवर असायची आणि काकूंना ती नेमकी संध्याकाळी जेवायच्या वेळी आठवायची.

"बरणी भाईर काढून ठेव की," काका ओरडायचे.

"भाईर उन्हानं खराब हुती."

"मग लोणचं खाऊ नको!"

"बरं," काकू म्हणायच्या.

पुढचा वैशाख आला आणि गेला. काकांनी एक दिवस चुकवला नाही, एक मिनिट चुकवलं नाही. झाडं टुकटुकीत होती, पण कळी आली नाही. काका रोज पानं उलटीपालटी करून बघायचे. शेवटी एका संध्याकाळी हजेरीपत्रक घेऊन माझ्याकडे आले आणि मला सगळी पानं दाखवली. पाच, आठ. पाच, आठ. पाच, आठ. खाडाखोड कुठं नाही.

"बाई, माझ्याकडनं काय चुकलं?"

पुस्तक चुकलं असेल, आपल्याकडची जात वेगळी असेल, ऊन बाधलं असेल, असं काहीबाही बोलले. ते मान हलवत होते. इतका मोठा माणूस पहिल्या इयत्तेत नापास झाल्यासारखा उभा होता.

पण काका मागे हटणारे नव्हते. पावसाळ्यात त्यांनी नवीन फुटवे लावले. पुन्हा अठरा डबे, तेच बिल्ले. थंडीत पुन्हा संध्याकाळी बल्ब. आणि याच वेळी गल्लीत ते कुजबुजणं सुरू झालं. बंद खोली, फटीतून येणारा उजेड, पानांचा तो उग्र वास, कुलूप, आणि कोणाला आत न सोडणारा म्हातारा. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं निष्कर्ष काढला की कलशेट्टी घरात गांजा पिकवतो. "पानंसुद्धा कातरलेली असतात, मी स्वतः बघितली," असं तो सांगायचा. आठवड्याभरात ही बातमी नवी पेठेपर्यंत पोचली. दोन अनोळखी साधू दारात येऊन "बम बम" करून गेले, तेव्हा मला संशय यायला हवा होता.

चैत्रातली गोष्ट. मी अंगणात परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पाच वाजून वीस मिनिटं झाली असतील. हवालदार आला. अंगानं आडवा, मिशा भरघोस, आवाज बसलेला.

"कलशेट्टी तुमीच का? मागची खोली उघडा."

"उद्या सकाळी आठ वाजता या," काका म्हणाले.

"आत्ता उघडा."

"आत्ता उघडता येत न्हाय. रातपाळी चालू हाय."

हवालदारानं कपाळाला आठी घातली. "कुणाची रातपाळी?"

"अठरा जण हायती आत."

हवालदाराचा हात दांड्यावर गेला. "अठरा जण? कुलपात?"

"गप निजल्यात. पांघरूण घातलंय."

मी धावत मध्ये पडले आणि शेवंती, रात्र, सलग अंधार असं सगळं एका दमात सांगितलं. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मी सतरा वर्षं नोकरीत हाय. बिनदारूचं गुत्तं, बिनजुगाराचं क्लब लई बघितलं. उजेडाला घाबरणारं झाड पयल्यांदाच ऐकतोय. किल्ली द्या."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सहा आठवडे सलग रात्री दिल्या होत्या. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि ज्यांनी आयुष्यात कोणाची विनवणी केली नसेल, ते काका म्हणाले, "मला चौकीत घेऊन चला. सकाळी आठपतुर बसतो तिथं. आठला येऊन तुमच्यासमोर उघडतो. पण आत्ता नको. हात जोडतो."

"उद्यापतुर माल हलवाल की."

तेवढ्यात भागव्वाकाकू स्वयंपाकघरातून आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच. त्या सरळ चालत गेल्या आणि मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ह्यांना न्या," त्या म्हणाल्या. "कुठं न्यायचं तिथं न्या. माल हलवायला मागं मीच एकटी हाय, तर तुमचा माणूस हितं दारात बसवा. पण ह्या दाराला हात लावायचा न्हाय."

"काकू, सरकारी काम हाय."

"मी गिरणीत काम केलंय. सरकारी कामाला मी भीत न्हाय. पुढं सरकून बघा."

हवालदार सरकला नाही. काका तर बायकोकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती कानडीत नाही, मराठीत नाही, कुठल्या तिसऱ्याच भाषेत बोलली असावी. शेवटी त्यांनी टोपी घातली, हजेरीपत्रक काखेत घेतलं आणि हवालदाराच्या पुढे चालायला लागले. हवालदारानं जाता जाता दाराच्या कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, सहीसकट.

ते गेल्यावर काकू तिथंच दारापाशी खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या प्याल्या आणि एकदम म्हणाल्या, "बाई, गेल्या साली मीच आत जात हुते. कंदील घेऊन."

"लोणच्याला?"

"लोणचं कशाचं! किल्ली दुसरी हाय माझ्याकडं. तुमी ह्यांना सांगत हुता न्हवं, जरा उजेड दिसला की पयल्यापासनं मोजतंय झाड? मी भिंतीआडनं ऐकलं. मग हे निजले की रोज मध्यरात्री एकदा जायची आणि कंदील वर धरून उभी ऱ्हायची. अठरा जणांना दाखवून भाईर."

मी थक्क झाले. "पण का काकू?"

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघंही गिरणीत. एका संध्याकाळी काका सहज म्हणाले, शेवंती तुला शोभती. उभ्या संसारात त्यांच्या तोंडून असं वाक्य एवढं एकच निघालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना काकू फुलवालीपाशी थांबल्या, वेणी घेतली, तिथंच माळली आणि गेटवर पोचल्या तेव्हा तीन मिनिटं उशीर झाला होता. गेटवर टाइमकीपर म्हणून नवरा. सगळं खातं बघत होतं, कलशेट्टी बायकोला आत घेतो की काय.

"ह्यांनी वर बघितलं न्हाय. लेट लिहिलं आणि गेट लावलं. अर्धा दिवस मी भाईर उन्हात उभी. डोक्यात वेणी. आतल्या बाया हसत्यात. गिरणीत ह्यांची लई वाहवा झाली बघा. असा टाइमकीपर हुणे न्हाय म्हणले."

"मग?"

"मग घरी येऊन वेणी काढली आणि ह्यांच्या ताटात ठेवली. म्हटलं, आता वैशाखात शेवंती फुलली तर डोक्यात फूल घालीन. तवर न्हाय. बोलून गेले रागानं. लेकीचं लग्न बार्शीत झालं, तवा पण घातलं न्हाय. हे कधी कायी बोलले न्हाईत. रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी डबे कापायला बसले."

अंगणात अंधारून येत होतं. थोड्या वेळानं मी विचारलं, "एवढा राग होता, म्हणून कंदील न्यायचात?"

"राग कवाच गेला, बाई." त्या हाताचं वाळलेलं पीठ चोळून काढत होत्या. "भ्या वाटायचं. फूल आलं, मी घातलं, की झालं. ह्यांचा हिशेब मिटला. परत हे खुर्चीत बसून तुमच्या नळाचा टाइम बघत बसणार. ह्या दोन सालांत उठलं की माझ्यासाठी, निजलं की माझ्यासाठी. मला कुणी एवढं कधी केलं न्हवतं. म्हटलं, चालू द्या अजून थोडं."

"आणि यंदा?"

"औंदा त्येंचे गुडघे बघितले. डबा उचलताना भिंतीला हात लावत्यात. कुणाला दिसू नये म्हणून आधी इकडं-तिकडं बघत्यात." त्यांनी पदरानं डोळे नाही, नाक पुसलं. "बास झालं म्हटलं."

काका तासाभरात परत आले. चौकीतल्या फौजदारानं काय आहे विचारलं आणि काकांनी सांगायला सुरुवात केली. पौषातल्या जादा पाळीपासून फाल्गुनापर्यंत येईस्तोवर फौजदारानं हात जोडले आणि म्हणाले, "घरी जा. सकाळी आमचा माणूस येईल."

माणूस म्हणजे तोच हवालदार सकाळी पावणेआठला आला. काकांनी त्याला पंधरा मिनिटं उभं केलं. आठला त्यानं आपली पट्टी फाडली, काकांनी कुलूप उघडलं, चादरी काढल्या. हवालदारानं एक पान खुडलं, चुरगळलं, वास घेतला, शेवटी चावून बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं.

"ह्यो गांजा न्हाय," तो खिन्नपणे म्हणाला. मग वाकून सात नंबरच्या शेंड्याशी डोळे नेले. "आन हे काय वाटाण्यावानी?"

काका पुढे झाले. मीही झाले. शेंड्यावर हिरवी, गोल, मिऱ्याएवढी कळी होती.

काकांनी हजेरीपत्रक उघडून हवालदारापुढे धरलं आणि कानावरची पेन्सिल काढून दिली. "साहेब, तुमी सरकारी माणूस. लिहा."

हवालदारानं विचारात पडून लिहिलं, 'नं. ७. कळी एक,' आणि खाली सही केली.

वैशाखात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना, अठरांपैकी चार झाडांना मिळून सात फुलं आली. उन्हानं आक्रसलेली, दुकानात कोणी हातात धरली नसती अशी. पण पिवळीधमक. काकांनी ती सकाळी खुडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. दिवसभर घरात थांबले नाहीत.

ऊन कलल्यावर परत आले, तर काकू ओट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. केस विंचरून नवा अंबाडा घातलेला. मांडीवर सात फुलांची वेणी, दोऱ्यात गुंफलेली.

"घाला की," त्या मागे न बघता म्हणाल्या.

काकांनी वेणी उचलली. कुठं खोचायची, कशी खोचायची, काही कळेना. आकडा एकदा खाली पडला, दोनदा पडला. मी आमच्या दारातून बघत होते, पण पुढे गेले नाही. शेवटी कशीबशी बसली.

"वाकडी न्हाय न्हवं?" काकूंनी विचारलं.

वेणी अंबाड्यावरून पार एका कानाकडे उतरली होती. काकांनी नीट निरखून पाहिलं.

"सरळ हाय," ते म्हणाले.

मग दोघं बाजाराला निघाले. मलाही भाजी आणायची होती, मी थोड्या अंतरावरून चालत होते. नवी पेठेत कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई काकूंना अडवून म्हणाली, "अगं बया, ह्या दिवसांत शेवंती कुठं मिळाली?"

काकू थांबल्या. वेणीला हात लावून बघितला, पण सरळ केली नाही.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "हे मागं येत्यात, त्येंना विचारा."

त्या बाईनं वळून काकांकडे बघितलं. काका रस्त्याच्या मध्येच थांबले आणि काखेतली छत्री काढून उघडली. ऊन तर कधीच उतरलं होतं. तरी छत्री अगदी भुवयांपर्यंत खाली ओढून ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.